अर्ध्या शटरची गल्ली

जावईबापूंनी चार महिने खपून बेचाळीस पानांची एक पुस्तिका लिहिली होती आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव. का नसावा? आमच्या भागात कारखाना का काढावा, याची एकूण एक कारणं तिच्यात होती. चौपदरी रस्ता होता, रेल्वेचा मालधक्का होता, दोन तासांवर बंदर होतं, बारमाही पाणी होतं आणि कधीही न जाणारी वीज होती. वीज जायची, नाही असं नाही, पण पुस्तिकेत जात नव्हती. एकतिसाव्या पानावर ‘कुशल मनुष्यबळ’ अशा मथळ्याखाली पिवळं हेल्मेट घातलेला एक देखणा तरुण हसत उभा होता. हा कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. तो छापखान्यात तयार मिळाला होता.

जावईबापू हे काही त्यांचं ऑफिसातलं नाव नव्हे. ऑफिसात ते साहेब. बाहेरच्या उद्योजकांना आमच्या भागात आणायचं, फिरवायचं आणि इथेच पैसा गुंतवा म्हणून पटवायचं, हे त्यांचं सरकारी काम. पण लेथ गल्लीत त्यांची सासुरवाडी, त्यामुळे तिथे ते जावईबापू. लेथ गल्ली म्हणजे साठ-सत्तर पावलांची चिंचोळी वाट. दोन्ही बाजूंनी मिळून एकोणीस वर्कशॉप. कुणाकडे लेथ, कुणाकडे ड्रिल, कुणाकडे खाचा पाडायचं मशीन, आणि टोकाला पोलाद कडक करायची भट्टी. सातव्या शटरमागे सासऱ्यांचा लेथ होता आणि वरच्या मजल्यावर त्यांचं घर. सासरे एकच, पण मान एकोणीस शटरांचा मिळायचा. जावईबापूंनी काही म्हणावं आणि गल्लीनं मान डोलवावी, असा तो कारभार होता, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला.

यंदा गोष्ट नुसत्या पुस्तिकेची राहिली नव्हती. सासऱ्यांचा मुलगा, म्हणजे जावईबापूंचा मेहुणा, गाव सोडायच्या बेतात होता. हात असा की गल्लीतले म्हातारे काम थांबवून बघत बसायचे. त्याला एका मोठ्या शहरातल्या कारखान्याचं पत्र आलं होतं आणि शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

“पगारासाठी नाही जात, दाजी,” तो जावईबापूंना म्हणाला होता. “कामाला तर इथे तोटा नाही. पण सगळी ठिगळं. गिरणीचा घासलेला दांडा, टेम्पोचा मोडका अ‍ॅक्सल. दहा वर्षं झाली, मी मेलेल्या वस्तू उठवून बसवतोय. एकदा तरी नवीकोरी वस्तू बनवावी, असं वाटतं ना माणसाला.”

सासऱ्यांचे हात आताशा कापायचे. मुलगा गेला की सातवं शटर खाली येणार ते कायमचं. पण म्हातारा ‘राहा’ असा एक शब्द काढत नव्हता. पोराच्या वाटेत आडवं यायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. तो नुसता स्टुलावर बसून राहायचा आणि मुलाच्या हाताकडे बघायचा.

बायकोनं मात्र स्पष्ट सांगितलं. “अहो, त्या पंपवाल्या बाईंना काहीही करून पटवा. त्यांचा कारखाना इथे आला की नवीन काम आलं. माझा भाऊ गेला ना, तर बाबा आठ दिवसांत अंथरूण धरतील. बघा आता.”

पंपवाल्या बाई म्हणजे पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या मालकीण. साठीच्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना दुसरा कारखाना काढायचा होता आणि दोन जागा मनात होत्या. एक आमची, दुसरी बंदराला चिकटून असलेल्या एका गावातली. गुरुवारी त्या आमची जागा बघायला येणार होत्या. जावईबापूंनी दिवस मिनिटामिनिटांनी आखला होता. साडेदहाला स्टेशन, अकराला माळावरची जागा, एकला जेवण, तीनला ऑफिसात पडद्यावर सगळी आकडेवारी. एकच खोट होती. स्टेशनाजवळचा पूल दुरुस्तीला काढलेला, त्यामुळे माळावर जायला गाडी लेथ गल्लीतून काढणं भाग होतं.

लेथ गल्ली पुस्तिकेत नव्हती. तेल, काळे हात, फाटक्या चिंध्या, लोखंडाचा कीस. हे काय पाहुण्यांना दाखवायचं? म्हणून आदल्या रविवारी जावईबापूंनी सासऱ्यांच्या घरी एकोणीस जणांना बोलावलं. चहा झाला. मग ते म्हणाले, “गुरुवारी फरशा धुऊन काढा. शटर पूर्ण वर नको, आतला पसारा दिसतो. पूर्ण खालीही नको, गल्ली मेल्यासारखी वाटते. सगळ्यांनी आपली अर्धी ठेवा. कसं?”

एकोणीस जणांनी एकमेकांकडे बघितलं. गिअरवाल्या काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मेहुणा खाली बघून हसला. सासरे म्हणाले, “ठीक आहे, जावईबापू. तुमच्या मनासारखं होईल.” जावयाला ‘नाही’ कोण म्हणणार? जावईबापू खुशीत घरी गेले.

आता गल्लीचा कायदा सांगायला हवा, कारण तो जावईबापूंना माहीत नव्हता. शटर पूर्ण वर म्हणजे मशीनवर काम चालू आहे, नंतर या. पूर्ण खाली म्हणजे सुट्टी. आणि अर्धं म्हणजे हात रिकामा आहे, काम आणा. पंचक्रोशीतल्या प्रत्येक गिरणीवाल्याला आणि टेम्पोवाल्याला हे पाठ होतं. शिवाय अर्ध्या शटरखाली आलेलं काम परत पाठवायचं नाही. कुणी असो, काही असो, घ्यायचं आणि त्याच दिवशी करून द्यायचं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सासऱ्यांच्या वडिलांच्या काळापासून कुणी मोडलेलं नव्हतं. अर्धं शटर ही गल्लीत चैनीची गोष्ट होती. वर्षातून दोन-चारदा कुणाचं तरी दिसायचं, तेही तासाभरापुरतं.

गुरुवारी सकाळी नऊला एकोणीस शटरं अर्धी झाली.

सव्वानऊला पिठाच्या गिरणीचा मालक सायकलवरून चालला होता. दोन आठवडे त्याला ‘पुढच्या सोमवारी’ ऐकावं लागत होतं. त्यानं गल्लीत डोकावलं, डोळे चोळले, आणि घरी दांडा आणायला पळाला. पळता पळता त्यानं मेहुण्याला म्हणजे स्वतःच्या मेहुण्याला फोन केला, त्यानं साडूला केला, साडूनं टेम्पो संघटनेला केला. दहा वाजेपर्यंत अर्ध्या तालुक्याला कळलं होतं की लेथ गल्ली आज सगळीच्या सगळी रिकामी आहे.

पावणेअकराला जावईबापू गाडीत पंपवाल्या बाईंच्या शेजारी बसले होते. पुढच्या सीटवर बाईंचा इंजिनिअर, गळ्यात कॅमेरा. जावईबापू बंदराचं अंतर सांगत होते तेवढ्यात माहेरी गेलेल्या बायकोचा फोन आला.

“तुम्ही गल्लीला काय सांगितलंत?”

“अर्धी शटरं. का?” ते तोंडावर हात धरून म्हणाले.

मग बायकोनं तो सगळा कायदा त्यांना चार वाक्यांत सांगितला. “सहा वर्षं झाली आपल्या लग्नाला,” ती म्हणाली. “सहा वर्षांत एकदा तरी कामाच्या दिवशी गल्लीत पाय ठेवलात?”

“दर रविवारी येतो की.”

“रविवारी सगळी शटरं खाली असतात. आणि ऐका, इकडे येऊ नका. मुंगीला शिरायला जागा नाही.”

पण तोवर गाडी वळली होती. समोर सहा टेम्पो, तीन हातगाड्या, एक सिमेंट कालवायचं यंत्र, आणि खांद्यावर लोखंड घेतलेली तीसेक माणसं. गाडी जागच्या जागी थांबली. मागून एक ट्रॅक्टर येऊन चिकटला. पुढे जायचं नाव नको, मागे यायचं नाव नको.

“हे काय आहे?” पंपवाल्या बाईंनी विचारलं.

“रहदारी,” जावईबापू म्हणाले. “व्यापार वाढलाय ना.”

बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, दार उघडलं आणि खाली उतरल्या. जावईबापू मागे धावले. बाई वाट काढत निघाल्या त्या थेट सातव्या शटरसमोर थांबल्या, कारण तिथे स्टुलावर एक म्हातारा बसला होता आणि चौकशी करायची तर म्हाताऱ्या माणसाकडे करावी, असा त्यांचा अनुभव असावा.

“मिस्त्री, सगळीकडे शटरं अर्धीच का?”

जावईबापू बाईंच्या मागे उभं राहून सासऱ्यांना डोळ्यांनी विनवत होते. ऊन लागतं म्हणा. धूळ येते म्हणा. काहीही म्हणा. पण म्हाताऱ्याला उभ्या जन्मात थाप मारता आली नव्हती.

“अर्धं शटर म्हणजे मशीन रिकामं, बाई. काम आणायचं.”

“म्हणजे आज अख्ख्या गल्लीला काम नाही?”

सासऱ्यांनी जावयाकडे बघितलं. “तसं दिसतंय खरं,” ते म्हणाले.

झालं. बेचाळीस पानं पाण्यात. ज्या गावात कामच नाही, तिथे कारखाना कोण काढणार? जावईबापूंच्या डोळ्यांसमोर शनिवार उभा राहिला, मेहुण्याची बॅग उभी राहिली, आणि बायको उभी राहिली ती वेगळीच.

बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. पोलादाची, अंगठ्याएवढी जाड नळी, मधोमध घासून चर पडलेला. “ही स्लीव्ह. पंपाच्या दांड्यावर बसते, झीज हिची होते, दांडा वाचतो. मला ही करून द्यायला लोक तीन आठवडे घेतात. तुम्हाला किती लागतील?”

मेहुण्यानं ती हातात घेतली, फिरवली, नखानं चर चाचपला, आतून-बाहेरून माप घेतलं. “चार वाजता या,” तो म्हणाला.

“कुठल्या तारखेला?” इंजिनिअरनं विचारलं.

“आज.”

इंजिनिअर हसला. जावईबापू घाईनं म्हणाले, “बाई, अकराला जागा आहे, तीनला पडद्यावर आकडेवारी आहे—”

“जागा कुठे पळून जातेय?” बाई म्हणाल्या, आणि कुणीतरी पुढे केलेल्या स्टुलावर बसल्या. “मी इथेच थांबते.”

मग बाईंनी जे बघितलं ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. सासऱ्यांनी कोपऱ्यातून पोलादाच्या तीन सळया उचलल्या आणि एकेक करून फिरत्या सहाणेवर टेकवल्या. पहिलीच्या ठिणग्या बघून म्हणाले, ही नको. दुसरी नको. तिसरीच्या ठिणग्या फुटल्या तशी सळी मुलाच्या हातात दिली. हात कापत होता, पण नजर नव्हती कापत. “ठिणगी बघून पोलाद ओळखतात,” इंजिनिअर पुटपुटला आणि त्यानं कॅमेरा काढला. मेहुण्यानं लेथवर नळी काढली. गरम होती तोवरच ती समोरच्या शटराखालून खाच पाडायला गेली, तिथून तेरा पावलांवर भट्टीत, भट्टीतून तेलात, मग पुन्हा मंद आचेवर, आणि शेवटी घासून गुळगुळीत करणाऱ्याकडे. कुणी कुणाला सांगत नव्हतं. एकाचं झालं की दुसऱ्याचा हात पुढे आलेला असायचा. आणि हे सगळं गिरणीचे दांडे, टेम्पोचे अ‍ॅक्सल आणि ते सिमेंटचं यंत्र सांभाळून. जेवण म्हणून बाईंनी तिथेच कुणाच्या तरी डब्यातली पोळी-भाजी खाल्ली.

दोनच्या सुमाराला बाई उठल्या आणि लेथच्या मागे गेल्या. तिथे जाजमाखाली काहीतरी झाकलेलं होतं. त्यांनी कोपरा उचलला. खाली वीस-पंचवीस दांडे रचून ठेवलेले, प्रत्येकाला चिठ्ठी.

“हे काय?”

मेहुणा म्हणाला, “आधीची कामं. मागच्या आठवड्यातली.”

बाई शेजारच्या वर्कशॉपमध्ये गेल्या. तिथेही जाजम, तिथेही ढीग. त्या परत आल्या. “मिस्त्री, मशीन रिकामं होतं म्हणालात.”

म्हातारा सळया नीट रचू लागला. मेहुणा लेथवर वाकला. गिअरवाल्या काकांना एकाएकी खोकला आला. सगळे जावयाची अब्रू वाचवत होते, आणि ती अशी वाचवलेली जावईबापूंना बघवेना.

“बाई, चूक माझी आहे,” ते म्हणाले. “गल्ली रिकामी नाही. गल्ली कामानं तुंबलेली आहे. मला ती तुम्हाला दाखवायची लाज वाटली, म्हणून मीच शटरं अर्धी करायला सांगितली. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. सहा वर्षं मी इथला जावई आहे आणि मला माहीत नव्हता. यांना होता. पण मी जावई, म्हणून कुणी बोललं नाही.”

इंजिनिअर फसकन हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सासऱ्यांना विचारलं, “हाताशी एवढं काम पडलेलं, मग सकाळी मला परत का नाही पाठवलंत? एवढ्या लोकांना का नाही पाठवलंत?”

म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. “शटर अर्धं होतं ना, बाई,” तो म्हणाला.

चारला सात मिनिटं कमी असताना स्लीव्ह बाईंच्या हातात आली. इंजिनिअरनं तीनदा माप घेतलं, तीन वेगवेगळ्या बाजूंनी, आणि मग मायक्रोमीटर मुकाट्यानं खिशात टाकला. बाईंनी ती नळी रुमालात गुंडाळली आणि मेहुण्याकडे वळल्या.

“नवीन बनवाल? दुरुस्ती नाही. माझा एक नवा पंप येतोय, त्याचा अख्खा दांडा. पहिला नमुना अजून कुणीच बनवलेला नाही.”

मेहुण्यानं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. त्यानं चिंध्यांना हात पुसले आणि विचारलं, “ड्रॉइंग आहे?”

स्टेशनकडे परतताना जावईबापू अंग चोरून बसले होते. माळ बघितला नव्हता, पडदा तसाच गुंडाळलेला होता. बाई पुस्तिका चाळत होत्या.

“छान लिहिलीय,” त्या म्हणाल्या. “पण रस्ता सगळीकडे असतो हो. पाणी-वीज पण सगळेच देतो म्हणतात. बंदर तर त्या दुसऱ्या गावाला दाराशी आहे. कारखाना काढला की मला एकच धास्ती असते. मशीन बंद पडलं तर मी कुणाकडे धावू? आज जो शब्द दिलेलाच नव्हता तो पाळण्यासाठी एकोणीस माणसं दिवसभर मरमर राबली. असे शेजारी मला विकत घेता आले असते तर केव्हाच घेतले असते.” मग त्यांनी एकतिसावं पान उघडलं. “हा मुलगा कोण?”

“ठाऊक नाही,” जावईबापू म्हणाले.

“काढून टाका त्याला.”

शुक्रवारी दुपारी बाईंचा फोन आला. बंदराजवळची जागा त्यांनी सोडून दिली होती. माळावरच्या जागेचे कागद पाठवा, माझी माणसं पुढच्या आठवड्यात येऊन आखणी करतील, आणि ड्रॉइंग सकाळीच मिस्त्रींकडे पोचलं आहे. जावईबापूंनी फोन ठेवला. मग बायकोला कळवलं. तिला रडूही आलं आणि हसूही. “पण त्यानं काय ठरवलं?” तिनं विचारलं. “काल रात्रभर त्याच्या खोलीतला दिवा चालू होता, आई म्हणत होती.”

ते जावईबापूंनाही माहीत नव्हतं. कारखाना येणार तो वर्षा-दीड वर्षानं. पत्राचं उत्तर उद्या द्यायचं होतं.

शनिवारी सकाळी ते गल्लीत गेले. कामाच्या दिवशी, सहा वर्षांत पहिल्यांदा आपणहून. सातवं शटर पूर्ण वर होतं. आत लेथच्या वर भिंतीला मोठं ड्रॉइंग चिकटवलेलं, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. मेहुणा वाकून काम करत होता. नव्याकोऱ्या पोलादाचा कीस चकाकत खाली पडत होता आणि सासरे स्टुलावर बसून तो पडताना बघत होते.

“दाजी, आज हात रिकामा नाही,” मेहुणा मान वर न करता म्हणाला. “ते पत्राचं उत्तर तेवढं तुम्हीच लिहा. तुम्हाला लिहायची सवय आहे. मी खाली सही करतो.”

जावईबापू पायरीवर बसले. पिशवीत पुस्तिकेची एक प्रत होती. तिचं मागचं कोरं पान त्यांनी फाडलं आणि कच्चं लिहायला घेतलं. बेचाळीस पानांना चार महिने लागले होते. या दोन ओळींना दहा मिनिटं लागली, आणि ती लिहिताना त्यांच्या डोळ्यांत उगाचच पाणी आलं.

“वाचा,” मेहुणा म्हणाला.

त्यांनी वाचलं. “आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. मला येता येणार नाही, कारण मला इथे काम आहे.”

मेहुण्यानं मान डोलवली आणि पुन्हा कामाला लागला. लेथ फिरत राहिला. मग इतके दिवस मुलाला एका शब्दानं ‘राहा’ न म्हणालेला म्हातारा स्टुलावरून किंचित पुढे वाकला.

“जावईबापू,” तो म्हणाला, “ते ‘इथे’ आहे ना, त्याच्याखाली एक रेघ मारा.”